विद्यापीठाच्या ग्रंथालयात विद्यार्थ्यांना न्यायचंय? खेड्यातल्या कॉलेजांसाठी पायरी-पायरीनं तयारी

यवतमाळ, वाशिम, गडचिरोली अशा जिल्ह्यांत तालुक्याच्या गावी शिकवत असाल, तर नव्या अभ्यासक्रमातले ‘फील्ड प्रोजेक्ट’ आणि ‘रिसर्च प्रोजेक्ट’ आता तुमच्याही वाट्याला आले असतील. मुलं विषय घेतात. कॉलेजच्या ग्रंथालयात दोन पाठ्यपुस्तकं आणि एक गाईड मिळतं, बाकी सगळं मोबाईलवरून उतरवलं जातं. मार्गदर्शक म्हणून आपण सही करतो, पण समाधान ना आपल्याला होतं ना मुलांना.

मुलांना एक दिवस विद्यापीठाच्या ग्रंथालयात नेलं की पुष्कळ फरक पडतो. आपल्या तालुक्याबद्दल, आपल्या पिकाबद्दल, आपल्या बोलीबद्दल कोणी तरी पानंच्या पानं लिहून ठेवलीत, हे मुलं पहिल्यांदा डोळ्यांनी बघतात. मात्र तयारी न करता नेलं तर इमारत बघणं, फोटो, कॅन्टीन आणि चारच्या एसटीनं परत, एवढंच होतं. दिवस सार्थकी लागतो की वाया जातो, हे बस सुटायच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत ठरलेलं असतं. मी काही वर्षं मुलांना घेऊन जाते आहे. त्यातून जे कळलं ते नव्यानं हे काम अंगावर घेणाऱ्या शिक्षकांसाठी इथं लिहिते.

१. तारीख शेतीकडे बघून ठरवा

ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीनची कापणी आणि कापसाची वेचणी असते. त्या दिवसांत निम्मा वर्ग शेतात असतो, आणि एका दिवसाची मजुरी घरात मोजली जाते. तेव्हा सहल ठेवली तर ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे तीच मुलं गळतात. एप्रिल-मेच्या उन्हात एसटीचा लांब प्रवास नकोच. पोळा आणि गणपती-महालक्ष्म्या आटोपल्यानंतर घटस्थापनेपर्यंतचा काळ, किंवा संक्रांतीनंतरचा आठवडा-पंधरवडा हे मला सगळ्यात सोयीचे वाटतात. विद्यापीठाचं परीक्षा वेळापत्रकही बघा, कारण परीक्षेच्या दिवसांत वाचनकक्षात बसायला जागा मिळत नाही.

दहा-बाराहून जास्त मुलं एका वेळी नेऊ नका. चाळीस मुलांचा घोळका आत शिरला की तिथले कर्मचारीही त्यांना सहलीचे पाहुणेच समजतात.

२. विषयाचा प्रश्न करा

मुलं पहिल्यांदा जो विषय सांगतात तो असा असतो: ‘शेतकरी आत्महत्या’, ‘विदर्भातील पाणीप्रश्न’, ‘आदिवासी जीवन’, ‘ग्रामीण स्त्री’. हे विषय त्यांच्या घरातून, शेजारातून आलेले आहेत, म्हणून त्यांना हलकं लेखू नका. पण एवढा रुंद विषय घेऊन गेलेल्या मुलाच्या हाती ग्रंथालयात एक तर शंभर पुस्तकं येतात किंवा एकही येत नाही.

प्रत्येकाशी वेगळं बसा आणि तीनच गोष्टी विचारा: कुठलं? कधीचं? नेमकं काय खटकतं? शेवटच्या प्रश्नाला वेळ द्या. ‘शेती’ हा विषय घेतलेल्या मुलाला बोलतं केलं, तर पाच मिनिटांनी तो म्हणतो, “मॅडम, आमच्याकडे आधी सगळे ज्वारी पेरत, आता कोणीच पेरत नाही. कडबाच नाही, मग बैल कसे ठेवणार?” हाच त्याचा प्रश्न. सोयाबीन आल्यावर आमच्या गावातली ज्वारी किती घटली, आणि त्यामुळे चारा व जनावरं यांचं काय झालं? आता त्याला ज्वारी, सोयाबीन, चारा, पशुधन असे चार शोधशब्द मिळाले. कुठले कागद बघायचे तेही उमगलं: अर्थ व सांख्यिकी संचालनालय काढतं ते ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’, पशुगणनेचे अहवाल, कृषी विद्यापीठातले प्रबंध.

पूर्व विदर्भातल्या मुलीनं ‘पाणीप्रश्न’ घेतला असेल, तर तिला तिच्या गावच्या मामा तलावापाशी आणा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातले हे माजी मालगुजारी तलाव, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. त्याआधी गाळ कोण काढायचं, पाण्याच्या पाळ्या कोण ठरवायचं, आणि नंतर ते काम कोणाकडे गेलं? ही चौकशी एका सत्रात होण्याजोगी आहे, आणि गावातली म्हातारी माणसं ग्रंथालयाइतकीच तिच्या उपयोगी पडतील.

प्रत्येकाकडून एक पान भरून घ्या: एका वाक्यात प्रश्न, गाव आणि तालुका, कालखंड, पाच-सहा शोधशब्द, आतापर्यंत काय वाचलं, ग्रंथालयात काय बघायचंय. हे पान नसेल तर त्या मुलाचं नाव यादीत घालू नका. थोडं कठोर वाटेल, पण त्याच्याच भल्याचं आहे.

इथं एक सापळा आहे. घाईत आपणच मुलांच्या वतीनं प्रश्न लिहून देतो. वाक्य वाकडंतिकडं असलं तरी चालेल, ते मुलाचंच असू द्या. आपण लिहून दिलेला प्रश्न काउंटरवर त्याला सांगता येत नाही.

३. जुन्या नावांची यादी करा

या पायरीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं आणि नुकसानही इथंच होतं. मुलगा आपल्या जिल्ह्याचं आजचं नाव टाइप करतो, समोर दोन-चार पुस्तकं येतात, आणि ‘आमच्याबद्दल कोणी लिहिलंच नाही’ असं समजून तो उठतो. लिहिलेलं असतं, पण दुसऱ्या नावाखाली.

आधी राज्याचं बघा. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. स्वातंत्र्यानंतर हा सगळा मुलूख १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, मग द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. म्हणजे १९५२ सालचा यवतमाळचा सरकारी अहवाल ‘महाराष्ट्र’ या शब्दाखाली सापडणार नाही. तो ‘मध्य प्रदेश’खाली बघायचा, आणि त्याआधीचा ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार’ (मध्य प्रांत व वऱ्हाड) याखाली.

मग जिल्हे:

- यवतमाळ: जुनं इंग्रजी स्पेलिंग वाय-ई-ओ-टी-एम-ए-एल. १९०५ च्या आधी या नावाचा जिल्हाच नव्हता. तेव्हाचा जिल्हा ‘वूण’, म्हणजे आजचं वणी.
- अमरावती: जुनं स्पेलिंग ए-एम-आर-ए-ओ-टी-आय.
- वाशिम: जुन्या कागदांत ‘बासिम’, बी-ए-एस-आय-एम. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडला आणि वाशिमचा भाग अकोल्यात गेला. आजचा जिल्हा १९९८ चा. मधल्या नव्वदेक वर्षांची आकडेवारी अकोल्याखाली बघा.
- चंद्रपूर: जुनं नाव ‘चांदा’.
- गडचिरोली: १९८२ च्या आधी चंद्रपूर जिल्ह्यातच.
- गोंदिया: १९९९ च्या आधी भंडारा जिल्ह्यात.

जमिनीवर काम करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं. वऱ्हाडात रयतवारी पद्धत होती (शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा), मध्य प्रांताच्या जिल्ह्यांत मालगुजारी. पुसद-दारव्ह्याकडचा मुलगा आपल्या गावचा मालगुजार शोधत बसला तर दिवस फुकट जाईल.

प्रबंधांचंही असंच आहे. नागपूर विद्यापीठ १९२३ चं. अमरावती विद्यापीठ त्यातून १९८३ मध्ये वेगळं झालं आणि गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये. म्हणून अकोला-बुलढाण्याकडच्या कॉलेजांतून १९८३ च्या आधी झालेलं पीएच.डी.चं काम अमरावतीत शोधू नका, ते नागपूर विद्यापीठाचं आहे. गडचिरोली-चंद्रपूरचं २०११ पूर्वीचं कामही नागपूरचंच. शेतीवरच्या प्रबंधांसाठी अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, स्थापना १९६९. आपलं कॉलेज ज्या विद्यापीठाशी संलग्न आहे तिथंच जायचं असं ठरवण्याआधी मुलांचे प्रश्न कोणत्या काळातले आहेत ते बघा. दोन-तीन मुलांसाठी वेगळं ठिकाण निघालं तर त्यांना वेगळ्या दिवशी पाठवलेलं बरं.

स्पेलिंगचा गोंधळ संगणकाच्या सूचीतही आहे. बऱ्याच ग्रंथालयांत मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमन लिपीत आहेत, आणि त्या करणाऱ्यानं ‘वऱ्हाड’ व्ही लिहून केला की डब्ल्यू लिहून, याचा नेम नाही. प्रत्येक शोधशब्दाची दोन-तीन रोमन रूपं आणि एक देवनागरी रूप कागदावर आधीच लिहून ठेवायला सांगा. एका रूपानं काही मिळालं नाही की लगेच दुसरं टाकायचं.

४. मोबाईलवर मिळतं ते आधी मोबाईलवरच बघा

शंभर किलोमीटर जाऊन जे वाचायचं ते घरी मिळत असेल तर ते त्या दिवशी बघू नये. जाण्याआधी एवढं होऊ द्या:

शोधगंगा. विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं हे संकेतस्थळ आहे, देशभरच्या विद्यापीठांतले प्रबंध इथं फुकट वाचता येतात. प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी असते, त्यामुळे अख्खा प्रबंध उतरवून डेटा संपवायची गरज नाही. मुलांना आधी शेवटची, संदर्भसूचीची फाइल उघडायला सांगा. आपल्या विषयाजवळचा एक चांगला प्रबंध सापडला की त्याच्या संदर्भसूचीतून ग्रंथालयात मागायच्या पुस्तकांची अर्धी यादी तयार होते. शेतीच्या प्रबंधांसाठी ‘कृषिकोश’ बघा.

जिल्हा गॅझेटियर. इंग्रजांच्या काळातले आणि नंतर महाराष्ट्र शासनानं काढलेले बरेच खंड आता ऑनलाइन आहेत. जुन्या खंडांत जातीजमातींबद्दलची भाषा साहेबी नजरेची आणि कधी अपमानकारक आहे. मुलं ती तशीच उतरवतात. कोणी, कशासाठी, कोणत्या साली लिहिलं हे आधी बोलून घ्या.

जनगणनेची जिल्हा हस्तपुस्तिका. २०११ च्या हस्तपुस्तिकेत गावनिहाय लोकसंख्या, शाळा, पाणी, रस्ते, शेतजमीन असं सगळं आहे. आपल्या गावाची ओळ प्रत्येकानं शोधून आणायचीच. या एका कामानं मुलांचा धीर वाढतो.

विद्यापीठाचा ओपॅक, म्हणजे ग्रंथालयाची संगणकीय सूची. ती बाहेरून उघडत असेल तर पुस्तकाचं नाव, लेखक आणि वर्गांक (पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा अंक) उतरवून घ्या. प्रत्येकाकडे किमान पाच नोंदी असाव्यात.

मग ग्रंथालयात कशासाठी जायचं? ऑनलाइन न आलेले जुने प्रबंध, मासिकांचे बांधीव खंड, जुने सरकारी अहवाल, महाग संदर्भग्रंथ आणि विद्यापीठाच्या नेटवर्कवरच उघडणारी संशोधनपत्रिका यांसाठी. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे सरकारी विद्यापीठांत हजारो पत्रिका वाचता येतात. बाहेरच्या विद्यार्थ्याला तिथल्या संगणकावर त्या वापरू देतात का, हे पुढच्या पायरीत विचारून घ्या.

५. पत्र पाठवा, मग फोन करा

प्राचार्यांच्या सहीचं, कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र किमान पंधरा दिवस आधी गेलं पाहिजे. ते ग्रंथपालांच्या नावे किंवा ‘संचालक, ज्ञानस्रोत केंद्र’ यांच्या नावे लिहा. अनेक विद्यापीठांत ग्रंथालयाच्या इमारतीवर हीच पाटी दिसेल, गेटवर विचारतानाही हे नाव उपयोगी पडतं. मजकूर एवढा पुरे:

“आमच्या महाविद्यालयाच्या एम.ए. भाग २ चे ११ विद्यार्थी (७ मुली, ४ मुलगे) संशोधन प्रकल्पाच्या कामासाठी अमुक तारखेला सकाळी साडेदहा ते साडेचार या वेळेत आपल्या ग्रंथालयात येऊ इच्छितात. विद्यार्थ्यांची नावं, विषय आणि पाहावयाच्या साहित्याची यादी सोबत जोडली आहे. प्रबंध विभाग व नियतकालिक विभाग वापरण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. सोबत दोन शिक्षक असतील.”

विषयांची यादी जोडायला विसरू नका. यादी आधी पोचली की जाणकार ग्रंथपाल काही पुस्तकं आधीच काढून ठेवतात. यादी नसेल तर तुमचं पत्र ‘भेट’ या फाइलीत जातं.

चार दिवसांनी फोन करा आणि एवढं विचारा: त्या शनिवारी ग्रंथालय चालू आहे का? प्रबंध विभाग किती वाजता बंद होतो, जेवणाच्या सुटीत बंद असतो का? पुस्तकं मुलांनी स्वतः कपाटातून काढायची की चिठ्ठी द्यायची? मोबाईलनं फोटो काढू देतात का? झेरॉक्स आत आहे की बाहेर? बाहेरच्या वाचकाला काही शुल्क आहे का? पुस्तकं विषयवार लावायचं वर्गीकरण ड्युई पद्धतीचं आहे की कोलन पद्धतीचं? मुलींसाठी स्वच्छतागृह कुठं आहे, डबा कुठं खाता येईल? शेवटचा प्रश्न संकोचानं राहून जातो. तो राहू देऊ नका. सात मुली दिवसभर पाणी न पिता बसल्या तर कसलं संशोधन होणार?

६. कागदपत्रं आणि सामान

प्रत्येक विद्यार्थ्याकडे:

- कॉलेजचं चालू वर्षाचं ओळखपत्र (नसेल तर बोनाफाइड)
- आधार कार्डची झेरॉक्स, दोन पासपोर्ट फोटो
- पालकांच्या सहीचं संमतीपत्र
- प्रश्नाचं पान आणि वर्गांकांची यादी, दोन प्रतींत
- कोरे सुटे कागद किंवा नोंदपत्रं (स्वतःची पुस्तकं-वह्या बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत)
- दोन पेन्सिली, कारण जुन्या ग्रंथांजवळ पेन चालत नाही
- झेरॉक्ससाठी सुटे पैसे
- चार्ज केलेला मोबाईल, डबा, पाण्याची बाटली

तुमच्याकडे: परवानगीच्या पत्राच्या दोन प्रती, नावांची यादी, सगळ्या पालकांचे फोन नंबर.

७. आपल्याच ग्रंथालयात सराव घ्या

कॉलेजचं ग्रंथालय दोन खोल्यांचं का असेना, सराव तिथंच करायचा. आपल्या ग्रंथपालांना यात सुरुवातीपासून घ्या. हे काम त्यांना आपल्यापेक्षा चांगलं येतं आणि फार क्वचित कोणी त्यांना विचारतं.

आधी वर्गांक वाचणं. ड्युई दशांश पद्धतीत ६३३ म्हणजे शेतातली पिकं: ६३३.१७४ ज्वारी, ६३३.१८ भात, ६३३.३४ सोयाबीन, ६३३.५१ कापूस. मराठी साहित्य ८९१.४६ वर. आता मुलांना विचारा, कपाटात आधी काय येईल, ६३३.१७४ की ६३३.१८? बहुतेक जण म्हणतील १८, कारण १७४ मोठा. पण हे दशांश अपूर्णांक आहेत, एकेक अंक बघत जायचं. सातनंतर आठ, म्हणून ज्वारी आधी आणि भात नंतर. एवढं न कळल्यामुळे मुलं बरोबर कपाटासमोर उभी राहून ‘पुस्तक नाही’ म्हणून परततात. वीस चिठ्ठ्यांवर वर्गांक लिहून क्रमानं लावायला द्या. अर्ध्या तासात जमतं.

दुसरा सराव नोंद घेण्याचा. पुस्तक हातात आलं की पहिलं काम म्हणजे लेखक, शीर्षक, प्रकाशक, गाव, साल आणि वर्गांक लिहिणं. वाचन त्यानंतर. प्रत्येक नोंदीपुढे पान क्रमांक. शब्दशः उतरवलं तर अवतरण चिन्हं त्याच क्षणी, नंतर नव्हे, कारण घरी आल्यावर आपलं वाक्य कोणतं आणि पुस्तकातलं कोणतं हे ओळखू येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपलीकडचं साम्य ही कारवाईची बाब आहे, हेही मुलांना सांगा. पण भीती घालून थांबू नका. ज्यानं कष्टानं लिहिलं त्याचं नाव घ्यायचं, ही त्यातली खरी गोष्ट आहे, आणि ती मुलांना पटते.

तिसरा सराव बोलण्याचा. माझ्या मते सगळ्या तयारीत हा सगळ्यात मोलाचा. आपल्या मुलांना पुस्तक शोधण्यापेक्षा काउंटरवर जाऊन विचारणं जास्त अवघड जातं. मोठी इमारत, काचेची दारं, शहरातली मुलं, आणि आपल्या तोंडी ‘मले’, ‘काहून’. हुशार मुलगीही दोन तास एका टेबलाशी गप्प बसून राहते. कोणी विचारलं तर म्हणते, “नाई, मिळालं सगळं.”

म्हणून वर्गात काउंटर मांडा. एका मुलाला ग्रंथपाल करा, दुसऱ्यानं येऊन विचारायचं. “शेतीवरचं पुस्तक आहे का?” असं विचारलं की ग्रंथपालानं म्हणायचं, “खूप आहेत. कोणतं?” तिथं पुढे काय बोलायचं ते मुलांनी शोधायचं. हळूहळू असं वाक्य तयार होतं: “सर, दारव्हा तालुक्यातली ज्वारी कशी कमी झाली, हा माझा विषय आहे. मले १९८० नंतरची जिल्ह्याची पिकाची आकडेवारी पाह्यजे. अलीकडचं समालोचन पाह्यलं, जुने अंक कुठी भेटतील?” यात आपण कोणत्या विषयावर काम करतो, काय बघून झालं आणि नेमकं काय हवं, हे सगळं आलं. बोली बदलायची काही गरज नाही. वऱ्हाडीत विचारलेला नेमका प्रश्न प्रमाण मराठीतल्या मोघम प्रश्नापेक्षा कधीही चांगला, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगा, आणि तुम्ही स्वतः त्यांच्याशी वऱ्हाडीत बोलून दाखवा.

‘नाही’ हे उत्तर घेण्याचाही सराव हवा. पुस्तक नाही म्हटल्यावर परत फिरायचं नाही. पुढचा प्रश्न ठरलेला: “मग हे दुसरीकडे कुठं मिळू शकेल?” ग्रंथपाल बहुतेक वेळा दुसरा विभाग, दुसरं ग्रंथालय किंवा दुसरा शोधशब्द सुचवतात. विचारणं म्हणजे त्रास देणं, ही समजूत मुलांच्या मनात घट्ट बसलेली असते. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले, त्यातला चौथाच ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असा आहे. समोरच्या माणसाचं कामच तुम्हाला मदत करणं आहे, हे ऐकल्यावर मुलांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो.

८. प्रवास

साध्या एसटीनं जात असाल तर मुलींना अर्ध तिकीट लागतं, मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना ही सवलत आहे. अख्खी गाडी हवी असेल तर आगारात ‘प्रासंगिक करार’ विचारा आणि शैक्षणिक सवलतीसाठी काय कागद लागतील तेही तिथंच विचारून घ्या. परतीची शेवटची गाडी कोणती, आणि ती चुकली तर काय, हे आदल्या दिवशी ठरलेलं असावं. तालुक्याच्या गावाहून पुढे आपल्या खेड्यात जाणाऱ्या मुलींचा हिशेब वेगळा करा. संध्याकाळी सातनंतर तिथं गाडी नसते. सोबत एक शिक्षिका हवीच. शक्य असेल तर दोन-तीन पालकांशी घरी जाऊन बोला, चिठ्ठीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

९. त्या दिवशीचा क्रम

पोचल्यावर पहिला अर्धा तास ग्रंथालय फिरून दाखवायला सांगा, त्याहून जास्त नको. लगेच प्रबंध आणि बंद कपाटातल्या पुस्तकांच्या चिठ्ठ्या भरून द्या, कारण ते साहित्य यायला वेळ लागतो आणि दुपारनंतर मागितलेलं त्या दिवशी हाती येईलच असं नाही. ते येईपर्यंत खुल्या कपाटांकडे जा.

जोड्या करा: एक धीट, एक लाजाळू. पण काउंटरवर प्रत्येकानं आपला प्रश्न स्वतःच विचारायचा. तुम्ही मध्ये पडू नका. मूल अडखळलं तरी पाच मिनिटं थांबा.

पुस्तक आलं की आधी अनुक्रमणिका आणि मागची सूची बघायची, पहिल्या पानापासून वाचत बसायचं नाही. आपलं पुस्तक ज्या कपाटात सापडलं त्याच्या डाव्या-उजव्या बाजूची दहा पुस्तकंही चाळायची. सूचीत न सापडलेलं बरंच काही शेजारीच उभं असतं.

जुन्या कागदांना जपा. बोटाला थुंकी लावून पान उलटायचं नाही, पुस्तक उलटं-पालथं टाकायचं नाही, त्यावर कागद ठेवून लिहायचं नाही. काम झालं की पुस्तक टेबलावरच ठेवायचं. स्वतः कपाटात चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक पुढच्या वाचकासाठी हरवल्यासारखंच असतं.

झेरॉक्स मोजकी काढा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अभ्यास-संशोधनासाठी वाजवी वापराला मुभा आहे, पण अख्खं पुस्तक त्यात बसत नाही, आणि प्रबंधांची प्रत काढायला बऱ्याच ठिकाणी मनाई असते. फोटोला परवानगी असेल तर पहिला फोटो शीर्षकपानाचा, मग हव्या त्या पानांचा, पान क्रमांक दिसेल असा.

चारला सगळ्यांना एकत्र बसवा. प्रत्येकानं दोन गोष्टी सांगायच्या: काय मिळालं आणि काय राहिलं. ज्याच्या हाती काहीच लागलं नाही त्याच्याजवळ तुम्ही स्वतः जा आणि उरलेल्या अर्ध्या तासात निदान एक नोंद त्याच्या हातून होऊ द्या. रिकाम्या हातानं परतलेलं मूल पुन्हा ग्रंथालयात यायचं नाव काढत नाही.

१०. परतल्यावर आठवड्याच्या आत

नोंदी ताज्या असतानाच स्वच्छ लिहून घ्या. दहा दिवस गेले की घाईत लिहिलेलं ‘पा. १४३’ कोणत्या पुस्तकाचं हे आठवत नाही. संदर्भसूची याच आठवड्यात पूर्ण करायची, प्रकल्पाच्या शेवटी नव्हे.

मग मुलांना गावात पाठवा. ज्वारीच्या मुलानं आकडे घेऊन गावातल्या चार जुन्या शेतकऱ्यांकडे जावं: कोणत्या साली सोडली, का सोडली, बैल कधी विकले? तलाठ्याकडे पीकपाहणीच्या नोंदी असतात, त्याही बघाव्यात. पुस्तकातला आकडा आणि गावातली आठवण जुळत नसेल तर ते लपवू नका, प्रकल्पात तसंच लिहा. बऱ्याचदा तिथूनच चांगलं प्रकरण निघतं.

ग्रंथालयाला आभाराचं पत्र पाठवा आणि कोणाच्या हाती काय लागलं ते त्यात लिहा. न मिळालेल्या पुस्तकांची यादी वेगळी काढून आपल्या प्राचार्यांकडे द्या. पुढच्या वर्षीच्या खरेदीत त्यातली चार-पाच आली तरी पुष्कळ. मुलांची प्रश्नांची पानं, जुन्या नावांची यादी आणि वर्गांक एका फाइलीत लावून कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवा, म्हणजे पुढच्या तुकडीला आणि तुमच्या जागी येणाऱ्या शिक्षकाला तिथून पुढे सुरू करता येईल.